अंश म्हणजे अंतर नव्हे

एक साधे गणित करून पाहा. मुंबई १८.९७ अंश उत्तर अक्षांशावर व ७२.८३ अंश पूर्व रेखांशावर आहे. नागपूर २१.१५ अंश उत्तर व ७९.०९ अंश पूर्व येथे आहे. या दोन शहरांतील हवाई अंतर किती?

तुमच्यापैकी अनेकांना पायथागोरसचा सिद्धांत आठवेल. अक्षांशांतील फरक २.१८ अंश, रेखांशांतील फरक ६.२६ अंश. दोघांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ सुमारे ६.६३ अंश. एका अंशाला १११ किलोमीटर धरले, की उत्तर आले ७३६ किलोमीटर. गणितात आकडेमोडीची चूक एकही नाही, पण उत्तर चुकले आहे! खरे अंतर सुमारे ६९७ किलोमीटर आहे.

हे ३९ किलोमीटर आले कोठून? भूगोलाच्या पुस्तकातील पृथ्वीगोल डोळ्यांसमोर आणा. अक्षवृत्ते एकमेकांना समांतर असतात. रेखावृत्ते मात्र ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येतात आणि तेथे एकत्र मिळतात. म्हणून अक्षांशाचा एक अंश सर्वत्र जवळजवळ १११ किलोमीटरचा असतो. रेखांशाचा एक अंश विषुववृत्तावर तेवढा, पण २० अक्षांशावर सुमारे १०४ किलोमीटर, ६० अक्षांशावर त्याच्या निम्मा आणि ध्रुवावर शून्य! १११ ला अक्षांशाच्या कोज्येने गुणा, म्हणजे हे आकडे तुम्हाला स्वतःच मिळतील.

आता तुम्ही म्हणाल, की असली गणिते आता संगणक करतो, आपल्याला त्याची काळजी कशाला? माझे म्हणणे नेमके येथेच सुरू होते. संगणक हे गणित करतो खरा, पण कोणत्या पृष्ठभागावर करायचे हे त्याला आपण सांगावे लागते.

शाळा, दवाखाने, रुग्णवाहिका यांची ठिकाणे ज्या डेटाबेसमध्ये साठवतात, त्यात प्रत्येक रकान्याला ‘प्रकार’ ठरवून द्यावा लागतो. ठिकाणांसाठी प्रामुख्याने दोन प्रकार असतात. ‘जिऑमेट्री’ हा प्रकार जग सपाट कागदासारखे मानतो आणि पायथागोरसने अंतर काढतो. ‘जिऑग्रफी’ हा प्रकार पृथ्वी गोल, किंबहुना ध्रुवांशी किंचित चपटी मानतो आणि उत्तर मीटरमध्ये देतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या प्रणालीत हे दोन्ही प्रकार २००८ च्या आवृत्तीपासून आहेत. पोस्टजीआयएस या मुक्त प्रणालीत जिऑग्रफी हा प्रकार २०१० मध्ये आला.

अक्षांश-रेखांश जिऑमेट्रीत भरले तर संगणक तक्रार करीत नाही. तो ‘६.६३’ असे उत्तर देऊन मोकळा होतो. ६.६३ काय? अंश! पदार्थविज्ञानाच्या तासाला एकक न लिहिता उत्तर दिले, तर आम्ही गुण कापतो. येथे एकक गाळले, तर त्याचे फळ दुसऱ्याच कोणाला तरी भोगावे लागते. हेलसिंकी शहर ६० अक्षांशावर आहे. समजा तेथे एका रुग्णापासून एक रुग्णवाहिका ०.१० अंश उत्तरेला आणि दुसरी ०.१५ अंश पूर्वेला उभी आहे. अंशांत मोजणारा संगणक पहिलीला जवळची ठरवील. प्रत्यक्षात पहिली ११ किलोमीटरवर आहे आणि दुसरी सव्वाआठ किलोमीटरवर! चूक झाल्याचे कोणाच्या ध्यानातही येणार नाही, कारण पडद्यावर उत्तर तर व्यवस्थित उमटले.

फिजीचे उदाहरण याहूनही बोलके आहे. १८० अंशाचे रेखावृत्त त्या देशातून जाते. त्याच्या अलीकडचे १७९.९ पूर्व आणि पलीकडचे १७९.९ पश्चिम, म्हणजे उणे १७९.९, ही ठिकाणे तेथे एकमेकांपासून फार तर एकवीस-बावीस किलोमीटरवर असतात. सपाट हिशेबात मात्र त्यांच्यात जवळजवळ ३६० अंशांचे अंतर पडते!

मग सपाट प्रकार टाकाऊच का? तसे मुळीच नाही. गोलावरचे गणित किचकट असल्याने त्याला वेळ अधिक लागतो, आणि पोस्टजीआयएसमध्ये जिऑग्रफीसाठी उपलब्ध असलेल्या क्रियाही कमी आहेत. एखाद्या शहराच्या नळवाहिन्यांचा नकाशा करायचा असेल, तर नकाशा-प्रक्षेपणाने अक्षांश-रेखांशांचे मीटरमध्ये रूपांतर करून सपाट प्रकार वापरणेच शहाणपणाचे. तेवढ्या लहान भागात पृथ्वीचा बाक जाणवत नाही. पण मर्यादा ओळखली पाहिजे. यूटीएम या प्रचलित प्रक्षेपणात पृथ्वीचे ६-६ अंशांचे पट्टे पाडलेले आहेत. ७८ अंश रेखांशाची सीमारेषा महाराष्ट्रातूनच जाते; पुणे ४३ व्या पट्ट्यात, तर नागपूर ४४ व्या. दोन पट्ट्यांतील आकड्यांची सरळ वजाबाकी करता येत नाही.

तेव्हा माझे मत असे : हाती अक्षांश-रेखांश असतील आणि प्रश्न अंतराचा असेल, तर प्रथम जिऑग्रफीच निवडावी. सपाट प्रकार हा अपवाद समजावा, आणि तो का निवडला याचे कारण सांगता यावे. वेग थोडा कमी झाला तरी चालेल. चुकीचे उत्तर लवकर मिळून काय उपयोग?

आणखी एक सावधगिरी. या दोन्ही प्रणालींत बिंदू मजकुराच्या रूपात लिहिताना रेखांश आधी आणि अक्षांश नंतर लिहितात. हा क्रम उलटला, तर आपली मुंबई नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते!

शिक्षकांना एक विनंती. आपल्याकडे अक्षांश-रेखांश भूगोलात, कोज्या गणितात आणि एकके पदार्थविज्ञानात शिकवली जातात. तिन्ही एकत्र आणणारा एक तास अवश्य घ्यावा. मुलांना नकाशासंग्रहातून आपले गाव आणि आणखी एक दूरचे गाव निवडू द्या, दोन्ही रीतींनी अंतर काढायला सांगा, आणि फरक का पडला ते त्यांच्याच तोंडून वदवून घ्या. उद्या यांतलीच काही मुले रुग्णवाहिकांच्या नोंदी ठेवणारे डेटाबेस बांधणार आहेत.