विश्लेषण : विशी-तिशीत छातीत धडधड आणि धाप... हे खरेच फक्त ‘टेन्शन’ असते का?

पुण्यात सदाशिव पेठेतल्या एखाद्या कॉट बेसिसच्या खोलीत रात्री दीड वाजता स्पर्धा परीक्षेच्या उमेदवाराची छाती अचानक धडधडू लागते. श्वास पुरत नाही असे वाटते, बोटांना मुंग्या येतात. शेजारच्या कॉटवरचा मित्र पाणी देतो आणि म्हणतो, ‘टेन्शन घेऊ नको.’ दुसऱ्या दिवशी डॉक्टरही बहुधा तेच सांगतात आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते. अडचण आहे ती ‘बहुतेक’ या शब्दात.

याच्या उलटही घडते. गरबा खेळताना किंवा जिममध्ये कोसळलेल्या तरुणाचा व्हिडीओ व्हायरल झाला, की धडधाकट मुले हजारो रुपयांचे ‘हार्ट चेकअप पॅकेज’ करून येतात. एकीकडे दुर्लक्ष, दुसरीकडे घबराट. साधा ईसीजी आणि पाच मिनिटांची नीट विचारपूस मात्र दोन्हीकडे राहून जाते.

धडधड म्हणजे नेमके काय?

हृदय सतत चालूच असते, पण आपल्याला ते जाणवत नाही. ते जाणवू लागले की आपण त्याला धडधड म्हणतो. विश्रांतीच्या वेळी मिनिटाला ६० ते १०० ठोके सामान्य मानले जातात. मध्येच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटून पुढचा जोरात बसणे, हे निरोगी माणसांतही सर्रास आढळते. म्हणून ‘धडधडते का?’ एवढे विचारून भागत नाही. कशी सुरू होते, किती वेळ टिकते, कशी थांबते, हे विचारावे लागते. ताणाची धडधड सहसा हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. बटण दाबल्यासारखी एका क्षणात सुरू होऊन तशीच झटकन थांबणारी धडधड वेगळ्या जातीची असते.

टेन्शनने दम लागतो, हे खरे?

खरे आहे आणि ते ‘मनाचे खेळ’ नाहीत. घाबरल्यावर अॅड्रेनलिन वाढते, श्वास जलद होतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि त्यामुळेच ओठांभोवती, बोटांत मुंग्या येतात. ऑक्सिजन पुरेसा असूनही गुदमरल्यासारखे वाटते. अमेरिकी यादवी युद्धातल्या तरुण सैनिकांत हीच लक्षणे पाहून जेकब दा कोस्टा या डॉक्टरांनी १८७१ मध्ये त्यांची सविस्तर नोंद केली होती. पॅनिक अॅटॅक हे निदान असेल तर त्यावर उपचार आहेत. ‘टेलिमानस’चा १४४१६ हा सरकारी क्रमांक त्यासाठीच आहे. पण हे निदान इतर कारणे तपासून झाल्यावर करायचे असते. आपल्याकडे ते रुग्ण खुर्चीत बसताक्षणीच होते, त्यातही रुग्ण मुलगी असेल तर जरा जास्तच लवकर.

मुलींच्या बाबतीत काय निसटते?

सर्वात आधी हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयोगटातल्या ५४.२ टक्के महिलांना रक्तक्षय आहे. म्हणजे दोनपैकी एकीपेक्षा जास्त. रक्तातली ऑक्सिजन वाहून नेण्याची क्षमता घटली की तेवढाच पुरवठा करायला हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. मग दोन मजले चढले तरी छाती धडधडते, धाप लागते. घरात त्याला ‘सवय नाही’ किंवा ‘नाजूक आहे’ म्हटले जाते. थायरॉइड वाढल्यावरही धडधड, घाम, वजन घटणे असेच दिसते. या दोन्हींचा छडा साध्या रक्ततपासणीत लागतो.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. लहानपणी घसा दुखून आलेल्या तापावर नीट उपचार झाले नाहीत, तर काहींना संधिवाताचा ताप येतो आणि हृदयाच्या झडपा खराब होऊ लागतात. झडप अरुंद होते आणि वर्षानुवर्षे काही जाणवत नाही. गरोदरपणात रक्ताचे प्रमाण वाढते, हृदयावरचा भार वाढतो आणि सातव्या-आठव्या महिन्यात धाप लागून आजार पहिल्यांदाच उघड होतो. रात्री आडवे पडल्यावर दम लागून उठून बसावे लागत असेल, तर ‘गरोदरपणात असे होतेच’ हे उत्तर धोकादायक आहे.

ते बटण दाबल्यासारखे सुरू होणारे काय?

बहुधा हृदयातले शॉर्टसर्किट. काहींच्या हृदयात विजेच्या संदेशासाठी जन्मतःच एक जादा वाट असते. संदेश तिच्यात गोल गोल फिरू लागला की ठोके १५० ते २२० पर्यंत जातात. रुग्ण दवाखान्यात पोहोचेपर्यंत ते थांबते, ईसीजी नॉर्मल येतो आणि पुन्हा ‘टेन्शन’चा शिक्का बसतो. म्हणूनच झटका चालू असताना जवळच्या कुठल्याही दवाखान्यात काढलेला ईसीजी नंतरच्या महागड्या तपासण्यांपेक्षा जास्त सांगून जातो. निदान झालेल्यांना डॉक्टर एक युक्ती शिकवतात : १५ सेकंद जोर लावून कुंथायचे, लगेच आडवे व्हायचे आणि कुणीतरी पाय वर उचलून धरायचे. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत या पद्धतीने ४३ टक्के रुग्णांचे ठोके पूर्ववत झाले, नुसते कुंथून १७ टक्क्यांचे. कायमचा इलाज हवा तर कॅथेटरने ती जादा वाट बंद करता येते.

एनर्जी ड्रिंक आणि लस?

एनर्जी ड्रिंकमध्ये लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिनला भारतीय नियमांची परवानगी आहे. म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५ मिलिग्रॅमपर्यंत. लहान मुलांसाठी नाही, हेही कॅनवर छापलेले असते, अर्थात वाचता येणार नाही अशा अक्षरांत. रात्रभर जागून दोन कॅन आणि चार चहा झाले, तर धडधडीचे कारण शोधायला लांब जायला नको.

लसीबद्दलचे फॉरवर्ड अजून थांबलेले नाहीत. १८ ते ४५ वयोगटातल्या अचानक मृत्यूंवरचा आयसीएमआरचा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोविड लसीमुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. धोका वाढलेला दिसला तो कोविडमुळे रुग्णालयात दाखल झालेल्यांत, घरात अचानक मृत्यू झालेला असलेल्यांत आणि मृत्यूच्या आधीच्या ४८ तासांत अति मद्यपान किंवा अति जोराचा व्यायाम केलेल्यांत.

कधी थांबू नये?

पळताना किंवा व्यायाम करताना चक्कर येऊन शुद्ध हरपली, तर. छातीत दुखून अचानक दम लागला किंवा एकाच पायाला सूज येऊन धाप लागली, तर. पहिल्या वेळी लगेच रुग्णालय गाठावे आणि श्वास घेणे कठीण होत असेल तर १०८. घरात चाळिशीच्या आत कुणी अचानक गेले असेल, तर साधी धडधडही डॉक्टरांना सांगावी. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार साधारण ५०० पैकी एकाला असतो आणि तो घराण्यात चालतो.

पोलीस भरतीत हे प्रश्न कोण विचारते?

भरतीत पुरुषांना १६०० आणि महिलांना ८०० मीटर धावावे लागते. उंची-छाती मैदानावर मोजली जाते, वैद्यकीय तपासणी मात्र निवडीनंतर होते. म्हणजे ज्या परीक्षेत हृदयावर सर्वाधिक ताण येतो, ती आधी. इटलीत स्पर्धात्मक खेळाडूंना १९८२ पासून ईसीजीसह तपासणी सक्तीची आहे. त्यानंतर व्हेनेतो भागात तरुण खेळाडूंचे अचानक मृत्यू ८९ टक्क्यांनी घटल्याची नोंद आहे. इस्रायलमध्ये अशा सक्तीनंतर फरक दिसला नाही, त्यामुळे सर्वांचा ईसीजी काढावा का, हा वाद खुला आहे.

पण धावण्याआधी तीन प्रश्न विचारायला वादाची गरज नाही : पळताना कधी चक्कर येऊन पडलात का, छातीत दुखते का, घरात कुणी तरुणपणी अचानक गेले का. आजच्या व्यवस्थेत उमेदवार तिन्हींना ‘नाही’ म्हणेल, कारण ‘हो’ म्हटले तर वर्षाची मेहनत वाया जाण्याची भीती. ‘हो’ म्हणणाऱ्याला बाद न करता ईसीजी काढून त्याच भरतीत नंतरची तारीख मिळेल, हे जाहिरातीतच छापले, तर उत्तरे खरी येतील.