महोत्सवात भाजी, बांधावर तण

दरवर्षी ऑगस्ट महिन्यात राज्यात ठिकठिकाणी रानभाजी महोत्सव भरविले जातात. संयुक्त राष्ट्रसंघाने १९९४ साली ९ ऑगस्ट हा जागतिक आदिवासी दिन म्हणून पाळण्याचे ठरविले. त्या दिवसाच्या सुमारास कृषि विभाग व महिला बचत गट यांच्या सहकार्याने हे मेळावे होतात. टाकळा, कुर्डू, करटोली, फोडशी, भारंगी, घोळ, केना अशा भाज्या टोपल्यांतून मांडल्या जातात आणि उत्तम पाककृतींना बक्षिसे दिली जातात. दूध, तूप किंवा मांस यांचा आधार न घेता केवळ वनस्पतींपासून किती रुचकर जेवण सिद्ध होते, हे शहरवासीयांना येथे प्रत्यक्ष पाहावयास मिळते. उपक्रम स्तुत्य आहे, यात शंका नाही.

परंतु या उपक्रमातील एका विसंगतीकडे लक्ष देणे अगत्याचे आहे. टाकळा, कुर्डू, घोळ, केना ही नावे खरीप पिकांतील तणांच्या यादीतही आढळतात. म्हणजे ज्या वनस्पतीला महोत्सवात मान मिळतो, तिच्याच नाशाचा उपाय त्याच हंगामात शेतकऱ्याला सांगितला जातो. दोन्ही सल्ले आपापल्या जागी बरोबर आहेत. मात्र त्यांची जागा कोणती, हे सांगितले जात नाही, आणि तेथेच नुकसान होते.

पूर्वी ही विसंगती खुरपणीमुळे आपोआप मिटत असे. खुरपणीस गेलेल्या स्त्रिया तणातील कोवळा पाला निवडून ओटीत घेत आणि संध्याकाळी तोच घरच्या भाकरीबरोबर ताटात येई. शेत स्वच्छ होई व भाजीही मिळे. आता मजूर वेळेवर मिळत नाहीत, मजुरीही परवडत नाही, म्हणून तणनाशकाचा वापर वाढला आहे. त्याबद्दल शेतकऱ्याला दोष देणे न्याय्य होणार नाही. सोयाबीनसारख्या पिकात पेरणीनंतरच्या पहिल्या ३० ते ४५ दिवसांत तण राहिले, तर उत्पन्नात मोठी घट येते. तथापि पिकाच्या ओळींसाठी घेतलेला पंप परतताना बांधावरही रिकामा केला जातो, ही गोष्ट मात्र अनावश्यक आहे. बांधावरील टाकळा पिकाच्या ओळीतील अन्नद्रव्य घेत नाही. तो फुलावर येण्यापूर्वी विळ्याने कापला, तर त्याचे बी शेतात पसरत नाही. शिवाय गवत व झुडपे यांच्या मुळ्यांनी बांधाची माती धरून ठेवली जाते.

हा प्रश्न केवळ चवीचा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाने ग्रस्त होत्या. पालेभाजी हे त्यावरील औषध नव्हे, आणि आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या तिच्या भरवशावर बंद करू नयेत. परंतु पावसाळ्याच्या प्रारंभी बाजारातील भाजी महाग असते, तेव्हा गरीब घराला पैशाविना मिळणारी हिरवी भाजी ती हीच. तिच्यावर लिंबू पिळल्यास त्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणास लागूनच चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी या बाबतीत तीन गोष्टी कराव्यात.

पहिली गोष्ट, तणनियंत्रणाचा सल्ला देताना ‘ओळीत तण, बांधावर भाजी’ हा भेद प्रत्येक वेळी स्पष्ट करावा. फवारणी झालेल्या शेतातील किंवा त्याच्या कडेचा पाला खाण्यासाठी खुडू नये, हेही त्याच वेळी सांगावे.

दुसरी गोष्ट, महोत्सवातील प्रत्येक भाजीजवळ तिची स्थानिक नावे, खाण्याचा भाग, काढणीचा काळ आणि शिजविण्यापूर्वीची प्रक्रिया लिहिलेली पाटी असावी. कोकणातील टाकळा विदर्भात तरोटा होतो, करटोलीचे काटवल होते. शेवळात खाज असते. ती काकडाच्या आंबट फळांनी किंवा चिंचेने मारावी लागते. भारंगीचा पाला उकडून कडू पाणी टाकावे लागते. पावसाळ्यातच उगवणाऱ्या कळलावीचा कंद तर प्राणघातक विषारी आहे. म्हणून ओळख पटल्याशिवाय काहीही खुडू नये, आणि ही ओळख शिकविण्याचा अधिकार गावातील जाणत्या स्त्रियांना द्यावा. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांना गावरान बियाण्यांच्या जतनाबद्दल २०२० सालची पद्मश्री जाहीर झाली. असे ज्ञान घराघरांत किती खोल असते, याचा तो पुरावाच होय.

तिसरी गोष्ट, वाढत्या मागणीपायी रान ओरबाडले जाणार नाही, याची काळजी घ्यावी. फोडशीची पाने कापावीत, कंद उपटू नये. करटोलीचा वेल दरवर्षी जमिनीतील कंदातूनच फुटतो, म्हणून तो कंद राखावा. परसबागेत ती लावताना नर व मादी वेल वेगवेगळे असतात हे ध्यानात घ्यावे. मादी वेलांबरोबर थोडे नर वेल नसतील, तर फळधारणा होत नाही.

महोत्सवातील पाककृतीही घरी नित्य करता येण्याजोगी असावी. उदाहरणार्थ, टाकळ्याची भाजी. अर्धी वाटी मूगडाळ तासभर भिजवावी. दोन पळ्या तेलात मोहरी, आठ लसूण पाकळ्या व दोन हिरव्या मिरच्यांची फोडणी करून एक मोठा कांदा परतावा. डाळ व थोडे पाणी घालून ती अर्धीकच्ची शिजवावी. मग कोवळ्या टाकळ्याचा चार-पाच मुठी चिरलेला पाला, मीठ व गुळाचा खडा घालून मंद विस्तवावर शिजवावे. शेवटी ओले खोबरे व लिंबाचा रस घालावा. पाला जून झाल्यावर राठ व कडवट लागतो, म्हणून पहिल्या पावसानंतरचाच घ्यावा. नाचणीच्या किंवा ज्वारीच्या भाकरीबरोबर ही भाजी पुरेशी होते. डाळ व धान्य एकत्र आल्याने प्रथिनांची प्रतही सुधारते.

महोत्सवाचे यश किती टोपल्या विकल्या यावरून मोजण्याची रीत आहे. त्याऐवजी पुढील जूनमध्ये गावातील किती बांध फवाऱ्याविना राहिले आणि किती घरांत टाकळा शिजला, याची नोंद कार्यकर्त्याने आपल्या वहीत ठेवावी. ती नोंद वाढत गेली, तरच महोत्सवाचा खर्च सार्थकी लागला असे म्हणता येईल.