जणू दिसला की उत्प्रेक्षा!

परवा वर्गात फळ्यावर मी एक साधे वाक्य लिहिले : ‘म्हातारीला वाटे, मुलगा आज तरी येईल.’ आणि विचारले, या वाक्यात तुम्हाला काय दिसते? मला हवी होती ती म्हातारी. त्या ‘आज तरी’मागे दडलेले, वाट पाहण्यात गेलेले तिचे कितीतरी दिवस. पहिल्या बाकावरचा हुशार मुलगा ताडकन उठला आणि म्हणाला, “उत्प्रेक्षा अलंकार, सर!”

“का रे बाबा?”

“वाक्यात ‘वाटे’ आहे.”

वर्ग हसला नाही. हसण्यासारखे काही झाले आहे, असे कुणाला वाटलेच नाही. ‘सम, समान, सारखा, प्रमाणे’ दिसले की उपमा आणि ‘जणू, गमे, वाटे, भासे’ दिसले की उत्प्रेक्षा, ही यादी सगळ्यांनाच पाठ. पोलिसाने वर्णन जुळले की माणूस धरावा, तसा हा अलंकार धरण्याचा धंदा आहे. आणि लपवून काय करायचे, कित्येक वर्षे आम्हीही वर्गात हाच धंदा केला.

यावर काही मंडळी म्हणतात, ती साहित्याची परिभाषा टाकूनच द्या. मुलांना नुसता कवितेचा आनंद घेऊ द्या. त्यांच्याशीही माझे भांडण आहे. नाव नसलेली गोष्ट डोळ्यांपुढून पटकन निसटते. सुताराच्या पोराला पटाशी नि रंधा यांतला भेद कळू नये, असे कुणी म्हणत नाही. मग कवितेच्याच हत्यारांनी काय पाप केले? नावे शिकवा, अवश्य शिकवा. पण वस्तू आधी दाखवा. आम्ही नाव आधी देतो आणि वस्तू देतच नाही, ही माझी तक्रार आहे.

आणि वस्तू काही लांब नाही. दिवाळीचा आकाशकंदील लावायला पोरगा गच्चीच्या कठड्यावर चढतो. आजी खालून ओरडते, “माकडासारखा चढू नकोस!” ही उपमा. पोरगा ऐकत नाही. “बघा, जणू माकडच!” ही उत्प्रेक्षा. तरी ऐकत नाही. “हा पोरगा माकड आहे माकड!” हे रूपक. शेवटी आजीचा तोल सुटतो : “माकडा, उतर खाली!” आता पोरगा वाक्यातून नाहीसाच झाला, उरले नुसते माकड. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त अतिशयोक्तीचा पहिला प्रकार सांगितला आहे, तो हाच, उपमानाने उपमेय गिळून टाकले, असेच आपले जुने पंडित म्हणतात. गिळून टाकले! केवढा रांगडा शब्द आहे हा, आणि आम्ही तो मुलांपुढे कसा वाळवून ठेवतो! आजीचा राग पायरीपायरीने चढला आणि प्रत्येक पायरीला नाव मिळाले. असे सांगितल्यावर ते नाव विसरेल असा विद्यार्थी मी अजून पाहिला नाही.

वृत्तांचे तेच. ‘यमाताराजभानसलगा’ घोकून, बोटे मोजून, लघु-गुरूंच्या खुणा करून मुले शार्दूलविक्रीडित ओळखतात. ती मुलेच गेल्या वैशाखात कुणाच्या तरी लग्नात मुठीत अक्षता धरून अंतरपाटाशी उभी होती. मंगलाष्टके म्हणतात ती बहुधा याच वृत्तात! एकोणीस अक्षरे, बाराव्यावर जरा विसावा, आणि मग ती सात अक्षरांची झेप. भटजी बाराव्या अक्षराला श्वास घेतात, हे पोरांच्या कानाला ठाऊक असते. संध्याकाळी देवापुढे ‘मनाचे श्लोक’ म्हणणाऱ्या घरातल्या पोराच्या कानात भुजंगप्रयात असतोच. २०५ श्लोकांत मिळून किती वेळा घोटला गेला असेल, हिशेब करा. पण कानाची ही जमा आमच्या वहीत मांडलीच जात नाही. माधवराव पटवर्धनांचा ‘छंदोरचना’ हा जाडजूड ग्रंथ ज्यांनी चाळला असेल, त्यांना हे सांगायला नको. तो गृहस्थ छंद मोजत होता खरा, पण आधी ऐकत होता.

नावांनाही जन्मकथा असतात. कादंबऱ्या लिहिण्याची खोड असलेल्या माझ्यासारख्या मास्तराला एक गंमत फार आवडते. सातव्या शतकात बाणभट्टाने ज्या नायिकेची कथा लिहिली, तिचे नाव कादंबरी. पुढे मराठीने ते विशेषनाम सगळ्या वाङ्मयप्रकारालाच देऊन टाकले. शेजारचा गुजराती ‘नवलकथा’ म्हणतो, हिंदीवाला ‘उपन्यास’, आणि आपण एका मुलीचे नाव घेतो. तसेच सुनीत. केशवसुतांनी १८९२ साली सॉनेट मराठीत आणले. त्याला ‘चतुर्दशक’ म्हणून पाहिले, पण ते रुजले नाही. ‘सुनीत’ रुजले, कारण ते कानाला ‘सॉनेट’च्या जवळचे आणि अर्थाने आपले. या गोष्टी कुणी परीक्षेत विचारत नाही. विचारतात : ‘सुनीताच्या ओळी किती?’

आणि सगळी परिभाषा संस्कृतात किंवा इंग्रजीतच असते, हे तरी कुणी ठरवले? आमच्या वणीहून सप्तशृंगीचा गड दिसतो. चैत्रात खानदेशातून माणसे पायी गडावर येतात, गोंधळी संबळ वाजवतात. त्या गोंधळ्याला गण आणि आख्यान यांतला भेद विचारा, तो क्षणात सांगेल. शाहिराच्या पाठीमागचा झीलकरी झील कुठे धरायची ते चुकत नाही. तमासगिराला गण, गवळण, बतावणी, वग या पायऱ्या रक्तात मुरलेल्या. जात्यावर ओव्या म्हणणाऱ्या बायका चालीला ‘गळा’ म्हणतात. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. एवढे मोठे काव्य ज्या बायकांनी रचले, त्यांचा एक शब्द आमच्या व्याकरणाच्या पुस्तकात बसू नये? २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, आम्ही शाळाशाळांतून मराठीचा गौरव करतो. २८ला पुन्हा तीच यादी घोकतो.

हे सगळे इतक्या तावातावाने का लिहितो आहे, ते आता सांगतो. दहावीच्या रसग्रहणाला तीन कप्पे असतात : आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. ‘साध्या शब्दांत खोल आशय’ वगैरे वाक्ये पोरे आधीच पाठ करून आणतात. कविता कुठलीही येवो, ती वाक्ये चालतात. एका सराव परीक्षेत डोंगराकडच्या वाडीतल्या एका मुलीने कप्पे केलेच नाहीत. तिने लिहिले, ‘आजी हळद दळताना गाते आणि मधेच जिथे थांबते, तिथेच या कवितेतली ओळपण थांबते. म्हणून ती मला आजीसारखी वाटली.’ लग्नातल्या हळदीपुरतेच आता जाते उरले आहे, तेवढ्यात या पोरीने ते ऐकून ठेवले होते. शेकडो मुलांत एखाद्याला जे कळत नाही, ते तिला कळले होते. तिने यती ओळखला होता, फक्त त्याचे नाव तिला ठाऊक नव्हते.

तिला पाचांपैकी एक गुण मिळाला. तो देणारा परीक्षक मीच होतो.

पेपर वाटले, तिने तो मुकाट्याने घडी करून दप्तरात घातला. रात्री जेवताना घास घशाखाली उतरेना. दुसऱ्या दिवशी तिला बोलावले, पेपर मागून घेतला, गुण वाढवले आणि म्हटले, “आजीला विचारून ये, ती जिथे थांबते त्याला काय म्हणतात?”

सोमवारी ती आली. म्हणाली, “सर, आजी हसली. म्हणे, त्याला काय नाव राहतं? तिथं दम घ्यायचा राहतो.”

त्या दिवशी फळ्यावर मी ‘दम’ असे लिहिले, आणि त्याच्याखाली ‘यती’.