वाढीव हमी : घ्यावी की न घ्यावी?

स्वारगेटजवळच्या दुकानात ६०,००० रुपयांचा टीव्ही पसंत पडतो. बिल करताना विक्रेता विचारतो, ‘दोन वर्षांची वाढीव वॉरंटी घेणार ना?’ समजा, तिचे ६,००० रुपये होतात. त्यापूर्वी अटी वाचाव्यात : ती मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते का, विजेच्या दाबामुळे झालेला बिघाड तीत धरला आहे का, दुरुस्तीची जबाबदारी नेमकी कोणाची? उत्तरे लेखी न मिळाल्यास तेच ६,००० रुपये दुरुस्तीसाठी बाजूला ठेवणे श्रेयस्कर. टीव्ही बिघडला नाही, तर पैसे घरातच राहतात. पडदा बदलण्याचा खर्च कुटुंबाला झेपणारा नसेल, तर मात्र तो खर्च स्पष्टपणे उचलणारी हमी घ्यावी. बिल व अटींची प्रत जपावी. हमी नाकारली गेल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर दाद मागता येते. २०१९ च्या कायद्यानुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाण्यास दोन वर्षांची मुदत असते.