आधी उतरायची जागा

आमच्याकडे येणारी बहुतेक पत्रं वर जाण्याबद्दल असतात. कुठली मोटर लावू, फिनला बाल्सा घेऊ की पुठ्ठा चालेल, ओपनरॉकेट हे सॉफ्टवेअर दाखवतं ती उंची खरी धरू का. खाली येण्याबद्दल क्वचितच कोणी विचारतं. थंडी सुरू झाली, उसाला तोड लागली, आणि भीमेच्या पट्ट्यातल्या शाळा आणि छंदमंडळं उड्डाण-दिवसाच्या तारखा ठरवू लागली आहेत. म्हणून या अंकात उतरण्याबद्दलच बोलायचं ठरवलं आहे.

उदाहरणाला मांडवगण फराटा घेऊ. शिरूर तालुक्याच्या दक्षिण अंगाचं, भीमेच्या पट्ट्यातलं हे गाव, नदीपलीकडे दौंड. पाण्याची सोय, म्हणून ऊस. नकाशावर सगळा परिसर सपाट आणि मोकळा दिसतो, आणि शहरातून येणारे क्लब इथेच फसतात. उपग्रहचित्रात हिरवा दिसणारा चौकोन प्रत्यक्षात दहा-बारा फूट उंचीची भिंत असते. शेजारचा चौकोन तुटलेला असला तरी त्यावर पाचट पसरलेलं असतं, आणि ते वाळलं की एका ठिणगीचं काम. बांधावरून विजेच्या तारा जातात, कोपऱ्यात डीपी असतो, मध्ये कुठेतरी विनाकठड्याची विहीर असते. कडेला ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडलेल्या असतात, पाचटाच्या आणि ताडपत्रीच्या, आणि त्यांची पोरं आसपास खेळत असतात. आकाश कितीही मोकळं असलं तरी रॉकेट उतरतं ते या जमिनीवर.

आता थोडा हिशोब. अमेरिकेतल्या नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्रीच्या सुरक्षा संहितेत मोटरच्या वर्गाप्रमाणे मैदानाची किमान बाजू दिली आहे: ए वर्गाला १०० फूट, बीला २००, सीला ४००, डीला ५००, आणि ई, एफ, जी वर्गांना १,००० फूट. फुटांत हे आकडे नुसतेच वाचले जातात, म्हणून गुंठ्यांत मांडून पाहा. बी मोटरला जेमतेम ३७ गुंठे पुरतात. सीला ३ एकर २७ गुंठे लागतात, डीला पावणेसहा एकर. ई वर्गापासून पुढे गेलात की २३ एकर, तेही एकसलग आणि चौकोनी. बागायती गावात २३ एकर एकसलग मोकळं रान कोणाकडे आहे? असलं तर ते एकाच्या नावावर नसतं, आणि सगळ्या भाऊबंदांची एकाच दिवशी संमती मिळवणं हे अग्निबाण उडवण्यापेक्षा अवघड काम आहे. तेव्हा या पट्ट्यातल्या क्लबांनी सी मोटरवर थांबावं, असं आमचं स्पष्ट मत आहे. मोटरचा प्रत्येक वर्ग आधीच्या वर्गाच्या दुप्पट आवेगाचा असतो. ए अडीच न्यूटन-सेकंदांपर्यंत, बी पाच, सी दहा. तीनशे फुटांच्या रानात डी वर्गाची हौस करणं याला धाडस म्हणत नाहीत.

हे आकडेही किमान आहेत, वारा त्यात मावत नाही. अडीचशे मीटरवर पॅराशूट उघडलं आणि रॉकेट सेकंदाला पाच मीटर वेगाने खाली येऊ लागलं, तर ते पन्नास सेकंद हवेत राहतं. ताशी अकरा किलोमीटरचा वारा म्हणजे चेहऱ्यावर नुसती झुळूक. पण तेवढ्यात ते दीडशे मीटर सरकतं. एकराची चौकोनी बाजू ६४ मीटरच्या आसपास धरली तर दोन शेतं ओलांडून तिसऱ्यात. त्यात उडताना रॉकेट आधी वारा जिकडून येतो तिकडे मान वळवतं, आणि पॅराशूटवर आलं की उलटं वाहून येतं. म्हणून पॅड मैदानाच्या मधोमध ठोकू नका. वारा जिकडून येतो त्या अंगाच्या तिसऱ्या हिश्शात ठोका. लहान रानात मोठं पॅराशूट ही चैन आहे. त्याच्या माथ्यावर भोक पाडा, नाहीतर सरळ स्ट्रीमर लावा. रॉकेट जरा जोरात आदळेल, एखादा फिन तुटेल. फिन पुन्हा चिकटवता येतो.

उभ्या उसात गेलेलं रॉकेट मात्र सोडून द्यायचं. या मुद्द्यावर आम्ही कोणाचंही ऐकणार नाही. शिरूर तालुका जुन्नर वनविभागात येतो, आणि जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चारही तालुक्यांत बिबट्या उसातच राहतो, तिथेच वितो. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात याच शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबूत भागात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जीव गेले, त्यांत दोन लहान मुलं. अशा मुलखात आठवी-नववीच्या पोराला ‘जा रे, पळत जाऊन घेऊन ये’ म्हणणाऱ्या शिक्षकाने त्या दिवशी पॅडजवळ उभं राहू नये. आणि पोरं सांगूनही ऐकत नाहीत, कारण दोन महिने घासून-रंगवून केलेलं रॉकेट असतं. त्यामुळे नियम आदल्या दिवशी, वर्गात, सगळ्यांसमोर सांगावा: उभ्या पिकात पडलं ते गेलं. रॉकेटवर क्लबचं नाव आणि फोन नंबर लिहून ठेवा. महिन्याभराने तोड आली की कोयत्यापुढे ते सापडतं, आणि फोन येतो. तारेवर अडकलं तर बांबूने ढोसायचं नाही. महावितरणला कळवायचं आणि घरी जायचं.

वेळेचं गणितही जागेइतकंच पक्कं हवं. डिसेंबर-जानेवारीत नदीकाठी सकाळी धुकं असतं. ते आठ-साडेआठला विरतं, आणि त्यानंतरचे दोन तास सोन्यासारखे. दौंडच्या बाजूला गुऱ्हाळं बरीच आहेत, त्यांचा धूर हे आमचं सगळ्यात भरवशाचं वारामापक यंत्र. धूर सरळ वर जाऊन पसरत असेल तर उडवा. चिमणीच्या तोंडापाशीच तो आडवा झाला तर चहा घ्या आणि वाट पाहा. दहानंतर रान तापतं, वारा वाकडातिकडा होतो. उन्हाळ्यात तर दुपारी वावटळी उठतात, तेव्हा रॉकेट पिशवीतून काढूच नये.

पण होतं काय, की उड्डाण-दिवसाला पाहुणे बोलावलेले असतात. सरपंच यायचे असतात, संस्थेचे पदाधिकारी यायचे असतात. शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगत, आभार. पॅडपाशी नारळ फुटेपर्यंत साडेअकरा वाजतात आणि गुऱ्हाळाचा धूर कधीच आडवा झालेला असतो. मग एवढी माणसं जमली आहेत म्हणून उडवलं जातं. आम्ही पाहिलेल्या फसलेल्या उड्डाणांपैकी बरीच या एका कारणाने फसली आहेत. पाहुण्यांना सकाळी आठला बोलवा, आधी उडवा, सत्कार मागाहून करा. पाहुणे उशिरा आले तर त्यांना उरलेला नारळ आणि सापडलेली रॉकेटं दाखवा.

तारखेबद्दलही एक सुचवायचं आहे. चंद्रयान-३ उतरल्यापासून २३ ऑगस्ट हा राष्ट्रीय अंतराळ दिन झाला, आणि त्या दिवशी रॉकेट उडवायची टूम निघाली आहे. भर पावसाळा, नैर्ऋत्येचा वारा, रान ओलं, ऊस डोक्यावर. त्या दिवशी प्रदर्शन भरवा, व्याख्यान ठेवा, फिनचे आकार कापायला शिकवा. उडवायला २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन बरा: तोड संपत आलेली असते, रानं उघडी पडलेली असतात. फक्त तेव्हा पाचट वाळून कोळ झालेलं असतं. पॅडभोवती मोठं रिंगण करून रान पार झाडून घ्या, जाळरोधक पत्रा अंथरा, आणि पाण्याची टाकी भरून ट्रॅक्टर शेजारी उभा करा. बादलीभर पाण्याने पेटलेलं पाचट विझत नाही.

गावाला सांगणं हा उपचार समजू नका. २०२४च्या पावसाळ्याच्या तोंडावर शिरूर, दौंड, बारामती भागात रात्री ड्रोन घिरट्या घालतात म्हणून गावंच्या गावं जागी राहिली, चोरांच्या शंकेने तरुणांनी गस्ती घातल्या. त्याच्या दोन वर्षं आधी, २ एप्रिल २०२२च्या संध्याकाळी, चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरीत आकाशातून भलं मोठं धातूचं कडं येऊन पडलं. ते चिनी रॉकेटचे अवशेष असल्याचं अभ्यासकांनी सांगितलं. आपल्या माणसाला आकाशातून पडणाऱ्या वस्तूचं कौतुक वाटण्याआधी शंका येते, आणि तिला कारण आहे. ज्याचं रान त्याची लेखी संमती, आजूबाजूच्या बांधकऱ्यांना प्रत्यक्ष भेटून निरोप, ग्रामपंचायतीला आणि पोलीस ठाण्याला पत्र, आदल्या संध्याकाळी मंदिराच्या भोंग्यावरून दवंडी. बारामतीहून प्रशिक्षणाची छोटी विमानं उडतात. एका शहाण्या मुलाला फक्त आकाशाकडे बघायला आणि आवाज ऐकायला बसवा. त्याने हात वर केला की काउंटडाऊन थांबलाच पाहिजे, आकडा कुठलाही असो.

मोटरच्या बाबतीत एका मोहाबद्दल बोलायलाच हवं. साखर कारखान्यांच्या मुलखात ‘साखरेचं रॉकेट’ करायची कल्पना पोरांना हमखास सुचते, आणि व्हिडिओ पाहून ती शेगडीवर पोचते. या मासिकात त्याची कृती कधीही छापली जाणार नाही. स्फोटकं बनवणं, बाळगणं, वाहून नेणं १८८४चा स्फोटक कायदा आणि २००८चे नियम यांखाली येतं. ते पाहणाऱ्या ‘पेसो’चं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी इतिहास पुरेसा आहे. नेब्रास्कात बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाइलने १९५४ साली पुठ्ठ्याच्या नळीत दारू ठासलेली, वापरून फेकून द्यायची मोटर केली, आणि व्हाइट सँड्सच्या चाचणीतळावर काम करणाऱ्या हॅरी स्टाइनला तिचं मोल कळलं. स्टाइनला दिसत होतं की घरी मिश्रणं घोटताना पोरांची बोटं आणि डोळे जात आहेत. १९५७च्या ऑक्टोबरात स्पुटनिक उडालं आणि ही हौस घराघरांत शिरली. छंद म्हणून हे टिकलं ते एकाच तत्त्वावर: रॉकेट स्वतः करा, मोटर करू नका. मोटर परवानाधारकाकडून, पावतीसह घ्या. आणि दौंड जंक्शनवर उतरून येणाऱ्या मित्रांनो, ती रेल्वेच्या डब्यातून आणू नका. तो गुन्हा आहे.

ज्यांना मोटर मिळत नाही त्यांनी हिरमुसू नये. दोन लिटरची शीतपेयाची बाटली, तिसरा हिस्सा पाणी, सायकलचा पंप आणि त्यावर दाबमापक, एवढ्यावर उड्डाण-दिवस होतो. इथे ६० पीएसआयच्या पुढे जायचं नाही. बाटली नवी घ्या, उन्हात पडलेली, चेपलेली नको. नव्या जोडणीची दाबचाचणी करायची तर बाटली काठोकाठ पाण्याने भरून करा. हवेने भरलेली फुटली तर तुकडे उडतात, पाण्याने भरलेली फुटली तर नुसतं भिजायला होतं. पाण्याच्या रॉकेटला कमी समजणारे शिक्षक भेटतात. गुरुत्वमध्य पुढे आणि दाबमध्य किमान एका व्यासाने मागे हा स्थैर्याचा नियम बाटलीलाही तितकाच लागू आहे, आणि तो चुकला तर ती सगळ्यांसमोर गिरक्या घेऊन सांगते.

पॅडपाशी किल्ली एकाच माणसाकडे असावी. लाँच कंट्रोलरची सुरक्षाकिल्ली दोरीने गळ्यात, आणि जो इग्नायटर जोडायला वाकतो त्याच्याच गळ्यात. तो परत रेषेमागे आल्याशिवाय ती कंट्रोलरमध्ये जाऊच शकत नाही. डी वर्गापर्यंत पॅडपासून पंधरा फूट अंतर ही संहितेतली किमान मर्यादा आहे. शाळेच्या गर्दीला आम्ही तीसच धरतो. बटण दाबलं आणि पेटलं नाही तर किल्ली काढायची आणि पूर्ण साठ सेकंद कोणी हलायचं नाही. त्या साठ सेकंदांत गर्दी हसते, मागून कोणीतरी ‘फुसका’ म्हणून ओरडतं. हसू द्या.

मोठं काही करण्याची इच्छा असणाऱ्यांना वाटा आहेत. केंद्र सरकारच्या इन-स्पेस या अंतराळ संस्थेने विद्यार्थ्यांसाठी मॉडेल रॉकेट आणि कॅनसॅटची स्पर्धा सुरू केली आहे, आणि २०२५च्या ऑक्टोबराअखेर तिची उड्डाणं उत्तर प्रदेशातल्या कुशीनगर जिल्ह्यात झाली. तिथे मोठ्या उंचीला साजेलशी मोकळी जागा होती, यंत्रणा होती, पंच होते. पुण्याच्या सीओईपीच्या विद्यार्थ्यांनी केलेला जेमतेम किलोभराचा ‘स्वयम्’ उपग्रह २२ जून २०१६ रोजी पीएसएलव्ही-सी३४ने कक्षेत गेला, त्यामागे विद्यार्थ्यांच्या एकामागून एक तुकड्यांची वर्षानुवर्षांची मेहनत होती. एका तुकडीने लिहून ठेवलेलं पुढच्या तुकडीला वाचता येतं, तेव्हाच असलं काम तडीला जातं. आपल्या बहुतेक क्लबांत मात्र नोंदवही नसते, फोटोंचा अल्बम असतो, आणि त्यात सगळी रॉकेटं वर जातानाच दिसतात.

म्हणून या हंगामात वाचकांकडून आम्हाला फोटो नकोत. प्रत्येक उड्डाणाची एक ओळ पाठवा: तारीख, वेळ, मोटर, वाऱ्याची दिशा, पॅडपासून रॉकेट किती पावलांवर आणि कशात पडलं. उसात गेलेल्यांची नोंद आधी पाठवा. मार्चच्या अंकात त्या सगळ्या छापू, गावांच्या नावांसह.