फळी मोजायची तर फळीच मोजा

लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे बॅटन रूजच्या एलएसयूच्या, फुटबॉल संघात आजवरची सर्वांत भारी रिसीव्हरांची फळी कोणत्या वर्षाची? या प्रश्नाला दोन ठरावीक उत्तरे मिळतात. पहिले उत्तर 2019, कारण आकडे बघा. दुसरे 2013, कारण ओडेल बेकहॅम आणि जार्व्हिस लँड्री यांनी पुढे एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये काय नाव कमावले ते बघा. माझ्या मते पहिल्या उत्तरातला निकाल बरोबर आहे, पण कारण चुकीचे. दुसऱ्यात निकाल आणि कारण दोन्ही चुकीचे. आणि या दोन उत्तरांच्या गदारोळात 2006 ची फळी विसरली जाते, तो तर सरळ अन्याय आहे.

हा खेळ न पाहणाऱ्या वाचकासाठी आधी थोडे. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि रिसीव्हर आखलेल्या वाटेने धावत जाऊन तो झेलतात. मिळवलेले अंतर यार्डांत मोजतात, आणि चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोहोचला की टचडाउन होतो. प्रतिस्पर्ध्याच्या बचावफळीजवळ माणसे मोजकी असतात. एका रिसीव्हरवर दोघांचा पहारा बसवला, की दुसरा कोणीतरी एकट्या बचावपटूसमोर मोकळा राहतो. सर्वांत धोकादायक माणूस बांधून टाकायचा आणि बाकीच्यांना ‘तुम्ही काय करता ते दाखवा’ असे आव्हान द्यायचे, हा बचावाचा जुना आणि शहाणा डाव. फळीची खरी परीक्षा या आव्हानाच्या वेळी होते.

आता आकडेवाल्यांचा पूर्वपक्ष घेऊ. 2019 मध्ये जामार चेसने 84 झेलांत 1780 यार्ड आणि 20 टचडाउन केले आणि देशातल्या सर्वोत्तम रिसीव्हरला मिळणारा बिलेटनिकॉफ पुरस्कार पटकावला. जस्टिन जेफरसनने 111 झेलांत 1540 यार्ड आणि 18 टचडाउन केले. दोघांचे मिळून 3320 यार्ड. 2013 मध्ये लँड्रीचे 1193 आणि बेकहॅमचे 1152, म्हणजे दोघांचे 2345. जवळजवळ हजार यार्डांचा फरक. मग वाद उरतोच कुठे, असे हे लोक विचारतात.

वाद उरतो, कारण हे दोन हंगाम एका मापाचे नाहीत. 2019 चा संघ 15 सामने खेळला, 2013 चा 13. त्याहून मोठा फरक डावपेचांचा. 2019 मध्ये जो बरोने 527 पास फेकले, म्हणजे सामन्यामागे 35. 2013 चा क्वार्टरबॅक झॅक मेटेनबर्गर दुखापतीमुळे शेवटचा सामना खेळला नाही. आधीच्या 12 सामन्यांत त्याने 296 पास फेकले, म्हणजे सामन्यामागे 25 सुद्धा नाहीत. कारण त्या संघाकडे जेरेमी हिल होता आणि तो चेंडू घेऊन 1401 यार्ड धावला. दोन्ही जोड्यांची सामन्यागणिक सरासरी काढली तर 2019 ची 221 यार्ड येते आणि 2013 ची 180. म्हणजे मुख्य क्वार्टरबॅककडून दर सामन्याला दहा पास जास्त मिळूनही 2019 च्या जोडीने 41 यार्डच जास्त काढले. पहिल्या नजरेला प्रचंड वाटणारी आघाडी इथे बरीच आटते. बेकहॅमची झेलामागची सरासरी साडेएकोणीस यार्ड होती, जेफरसनची चौदालाही पोहोचत नाही. निव्वळ बेरजेवर निकाल देणाऱ्याने हे आकडेही पदरात घेतले पाहिजेत.

पण म्हणून 2013 च्या बाजूने निकाल द्यावा का? ज्या कारणासाठी तो मागितला जातो, त्या कारणासाठी तर मुळीच नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये डॅलसविरुद्ध बेकहॅमने मागे झेपावत एका हाताने घेतलेला झेल जगभर पाहिला गेला. तो अप्रतिमच होता, पण न्यूयॉर्क जायंट्सच्या गणवेशातला होता. त्याचे श्रेय मागच्या वर्षीच्या एलएसयूच्या फळीच्या खात्यावर कसे जमा करायचे? एनएफएलच्या निवडीवर भरवसा ठेवणाऱ्यांना मी 2014 च्या ड्राफ्टची, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीची, आठवण करून देतो. बेकहॅम बाराव्या क्रमांकावर उचलला गेला, लँड्री त्रेसष्टाव्या, मायामीकडून. आणि कॉलेजच्या शेवटच्या हंगामात झेल कोणाचे जास्त? लँड्रीचे, 77 विरुद्ध 59. यार्ड कोणाचे जास्त? लँड्रीचे. टचडाउन कोणाचे जास्त? तेही लँड्रीचेच, 10 विरुद्ध 8. व्यावसायिक संघ उंची, वेग आणि पुढच्या पाच वर्षांची शक्यता पाहतात. मागच्या हंगामात मैदानावर काय घडले याचा निवाडा करणे हे त्यांचे काम नाही, आणि ते तो करतही नाहीत.

हेच गमक 2019 ला लावले तर गोंधळ आणखी वाढतो. चेसने 2024 मध्ये एनएफएलमध्ये झेल, यार्ड आणि टचडाउन या तिन्हींत पहिला क्रमांक मिळवला. जेफरसन 2022 मध्ये 1809 यार्ड करून वर्षाचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. या दोघांच्या झगमगाटात फळीतला तिसरा, टेरेस मार्शल, पार दिसेनासा होतो. व्यावसायिक मैदानावर त्याला कधी जम बसवता आला नाही. थॅडियस मॉस या टाइट एंडला (रांगेच्या टोकाला राहून अडवणाऱ्या आणि झेलणाऱ्याही खेळाडूला) तर ड्राफ्टमध्ये कोणी उचललेच नाही. पुढची कीर्ती हेच माप मानले तर या दोघांना 2019 च्या हिशेबातून वजा करावे लागेल. आणि त्यांना वजा केले, तर ती फळी अजिंक्य का ठरली हे सांगताच येणार नाही.

त्याकडे वळण्याआधी तिसरा आक्षेप निकालात काढतो: ‘फळीबिळी काही नाही, सगळे बरोने केले.’ 2019 मध्ये बरोने 5671 यार्ड आणि 60 टचडाउन फेकले, हाइझमन ट्रॉफी जिंकली आणि पुढच्या ड्राफ्टमध्ये तो पहिला निवडला गेला. त्याची थोरवी मी एका शब्दानेही कमी करणार नाही. पण 2018 मध्येही एलएसयूचा क्वार्टरबॅक तोच होता. तेव्हा त्याचे टचडाउन पास 16 होते आणि अचूकता 58 टक्क्यांच्या आत. जेफरसनही तेव्हा संघात होता, चेसही होता. जेफरसनचे त्या हंगामात 875 यार्ड, नवख्या चेसचे फक्त 313. म्हणजे एकट्या बरोने चमत्कार केला हे जितके खोटे, तितकेच एकट्या रिसीव्हरांनी केला हेही खोटे.

मधल्या काळात बदलली ती आखणी. न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडून आलेल्या जो ब्रेडीने, मुख्य आक्रमण प्रशिक्षक स्टीव्ह एन्समिंगर यांच्यासह, पाचही झेलणाऱ्यांना एकाच वेळी पासच्या वाटांवर सोडायला सुरुवात केली. जेफरसनला कडेवरून काढून आत, मधल्या जागेत आणले. तिथे लहान पल्ल्याचे झेल जास्त मिळतात, म्हणून त्याची झेलामागची सरासरी कमी दिसते. वर दिलेला चौदाच्या आतला आकडा याच प्रकाशात वाचायला हवा. त्याने सरासरी सोडली आणि संघाला मधली वाट मोकळी करून दिली. एरवी चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक क्लाइड एडवर्ड्स-हिलेअर यानेही 55 पास झेलले. क्वार्टरबॅकच्या रक्षणाला उरत ते पुढचे पाच जण, आणि ते पुरले. देशातल्या सर्वोत्तम आक्रमक रांगेला मिळणारा जो मूर पुरस्कार त्या वर्षी एलएसयूच्याच रांगेला मिळाला. सप्टेंबरमध्ये ऑस्टिनला टेक्सासविरुद्ध ही आखणी पहिल्यांदा पूर्ण ताकदीने दिसली. बरोचे 471 यार्ड, आणि जेफरसन, चेस, मार्शल या तिघांनीही शंभरी ओलांडलेली. सामना 45-38 ने खिशात घालणारा 61 यार्डांचा टचडाउन जेफरसनचा.

आणि आता माझ्या बाजूचा मुख्य पुरावा. प्लेऑफचे दोन सामने घ्या. उपांत्य सामन्यात ओक्लाहोमाविरुद्ध एलएसयूने 63-28 असा विजय मिळवला. बरोने सात टचडाउन पास फेकले, तेही सगळे पहिल्या अर्ध्यात. चार जेफरसनला, दोन मार्शलला, एक मॉसला. देशातला सर्वोत्तम रिसीव्हर म्हणून ज्याच्या गळ्यात माळ पडली होती, त्या चेसला एकही नाही. तो बांधला गेला असेल, पण त्याला बांधण्यात खर्ची पडलेली माणसे इतरत्र कमी पडली आणि जेफरसनने 14 झेलांत 227 यार्ड वसूल केले. पुढे 13 जानेवारी 2020 ला न्यू ऑर्लिन्सच्या सुपरडोममध्ये क्लेमसनविरुद्ध अंतिम सामना. तिथे पाच टचडाउन पास: दोन चेसला, दोन मॉसला, एक मार्शलला. आधीच्या सामन्याचा नायक जेफरसन याला एकही नाही. चेसने मात्र 9 झेलांत 221 यार्ड काढले, आणि त्याच्यासमोर बहुतेक वेळ होता ए. जे. टेरेल, जो पुढच्याच ड्राफ्टमध्ये पहिल्या फेरीत निवडला गेला. निकाल 42-25.

दोन सामन्यांतले बारा टचडाउन पास वाटून पाहा. जेफरसन चार, मार्शल तीन, मॉस तीन, चेस दोन. पुढे जगाने ज्यांना विसरायचे ठरवले त्या दोघांच्या नावावर बारांपैकी सहा. हंगामभरात मार्शलचे झेल फक्त 46, मध्ये पायाच्या दुखापतीने काही सामने बुडालेले, आणि तरी टचडाउन 13. 2019 चे मोठेपण 3320 यार्डांच्या बेरजेत मुळीच नाही. ते इथे आहे: प्रतिस्पर्ध्याने कोणाला बांधायचे ते खुशाल ठरवावे, उरलेल्यांपैकी कोणीतरी सामना काढतोच. फळी या शब्दाला अर्थ असेल तर तो हाच.

‘वेगवेगळ्या काळांची तुलनाच होऊ शकत नाही’ असे म्हणणारेही भेटतात. हंगामांच्या नुसत्या बेरजा एकमेकींवर ठेवल्या तर नाही होऊ शकत, हे मी वरच मान्य केले आहे. पण आपल्या काळच्या बचावाला आपण कोणत्या पेचात टाकले, हा प्रश्न प्रत्येक पिढीला विचारता येतो, आणि प्रत्येक पिढी त्याचे उत्तर देते.

जॉश रीडचे उत्तर बघा. 2001 मध्ये त्याने 94 झेलांत 1740 यार्ड केले, बिलेटनिकॉफ पुरस्कार घेतला, अलाबामाविरुद्ध एकाच सामन्यात 19 झेल आणि 293 यार्ड काढले. मुळात रनिंग बॅक म्हणून आलेला हा मुलगा! साउथईस्टर्न कॉन्फरन्समधला त्याचा हंगामी यार्डांचा विक्रम 2019 मध्ये चेसने मोडेपर्यंत टिकला. पण त्या वर्षीच्या क्वार्टरबॅकचे, रोहन डेव्हीचे, एकूण यार्ड 3347. म्हणजे निम्म्याहून अधिक भार एकट्या रीडवर होता. हा एका माणसाचा पराक्रम आहे आणि तो वैयक्तिक यादीत अगदी वर हवा. फळीच्या यादीत त्याच्या जोरावर 2001 ला वर चढवता येत नाही.

2013 चेही तेच, फक्त एकाऐवजी दोघे. संघाने पासवर मिळवलेल्या यार्डांचा जवळपास तीन चतुर्थांश भाग लँड्री आणि बेकहॅम यांनी उचलला. तिसरा रिसीव्हर त्यांच्या आसपासही नव्हता. जोडी म्हणून मी तिला चेस-जेफरसनच्या शेजारी बसवायला तयार आहे. पासची संख्या लक्षात घेता तो तिचा हक्कच आहे. पण जोडी म्हणजे फळी नव्हे.

फळी होती ती 2006 ची. ड्वेन बोचे 990 यार्ड आणि 12 टचडाउन, क्रेग डेव्हिसचे 836 यार्ड, अर्ली डूसेचे 772 यार्ड आणि 8 टचडाउन. तिघांपैकी एकानेही हजारी गाठली नाही, म्हणून विक्रमांच्या तक्त्यात हे कुठे दिसत नाहीत. मला तर नेमकी हीच त्यांच्या बाजूची साक्ष वाटते. जामार्कस रसेलच्या 28 टचडाउन पासांपैकी 24 या तिघांत वाटले गेले. संघाने 11 सामने जिंकले आणि शुगर बोलमध्ये नोत्र दामला 41-14 ने हरवले. ऑबर्नमध्ये 7-3 ने झालेली हार त्यांच्याविरुद्ध पुढे करता येईल आणि ती मी नाकारत नाही. त्या दिवशी कोणीच मोकळा सुटला नाही. पण हंगामभर तिन्ही बाजूंनी सारखा धोका उभा करणारी अशी फळी एलएसयूला पुन्हा मिळायला बरीच वर्षे जावी लागली.

2023 ची फळी तिच्या वर जाते. मलिक नेबर्सचे 1569 यार्ड आणि 14 टचडाउन, ब्रायन थॉमसचे 1177 यार्ड आणि 17 टचडाउन, त्यामागे तिसरा रिसीव्हर आणि टाइट एंड यांचीही खरी मदत. क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्स स्वतः 1134 यार्ड धावला, त्यामुळे बचावाचे लक्ष विभागले जाई, हे खरे. पण हिलच्या धावांनी 2013 मध्ये तेच केले होते, तेव्हा ही सवलत दोन्हीकडे सारखी धरावी. तो संघ तीन सामने हरला. त्यांपैकी एक, ओल मिसविरुद्धचा, 49 गुण करूनही हरला. हा दोष रिसीव्हरांच्या माथी मारणे चूक आहे.

तेव्हा माझा क्रम असा: पहिली 2019, दुसरी 2023, तिसरी 2006, आणि चौथी 2013. लँड्री-बेकहॅमच्या चाहत्यांना हा क्रम खटकेल. त्यांनी तो जरूर खोडून काढावा. माझी मागणी एवढीच आहे, की पुरावा 2013 च्या हंगामातल्या एलएसयूच्या तेरा सामन्यांतून आणावा, न्यूयॉर्क आणि मायामीतून नको.