५ जूनला रोप नको, हक्काचा हिशोब द्या!



मार्चमध्ये दोन दिवस होऊन गेले. २१ मार्च जागतिक वन दिन आणि २२ मार्च जागतिक जल दिन. आता ५ जून येतोय, पर्यावरण दिन. त्याच्या मागोमाग १ जुलैपासून वनमहोत्सवाचा आठवडा. म्हणजे परत गाड्या येणार, बॅनर लागणार, पोरांना रांगेत उभं करणार. साहेब रोपाला हात लावून फोटो काढणार. आणि जाताना आपल्यालाच सांगणार, झाडं तोडू नका, पाणी जपून वापरा.

आम्ही विचारतो, हे सांगता कुणाला?

आधी पाण्याचं बोलू. मुंबईला सात तलावांचं पाणी जातं. विहार आणि तुळशी हे दोन लहान तलाव मुंबईतच आहेत. बाकीचे पाच, म्हणजे तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा आणि भातसा, आपल्या डोंगरात आहेत. तानसा तर १८९२ पासून. रोजचं साधारण ३८५ कोटी लिटर पाणी मुंबईला पोचतं. आणि इकडे शहापूर, मोखाड्यात होळी झाली की पाड्यापाड्यावर टँकरची वाट. बाया विहिरीच्या तळाला उतरून वाटीवाटीने हंडा भरतात. मुंबईतल्या गरिबाच्या नळाला आमचा विरोध नाही. आमचीच माणसं तिथे बांधकामावर राबतात, तेच पाणी पितात. पण ज्या बाईला दिवसाला दोन हंडे मिळतात, तिला "पाणी जपून वापरा" सांगायला लाज वाटायला हवी.

पाड्याला विहीर नाहीतर पाइपलाइन मागितली की उत्तर ठरलेलं, "जमीन फॉरेस्टची आहे, परवानगी नाही." धरणाखाली जंगल बुडालं ते चाललं. माणूस उभा राहील एवढे पाइप जंगलातून गेले ते चाललं. आमच्या दोन इंची पाइपानेच काय ते जंगल मरतं? हे उत्तर कायद्याला धरून नाही. वनहक्क कायदा २००६ चं कलम ३(२) वाचा. पिण्याचं पाणी, पाइपलाइन, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता अशा तेरा कामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. हेक्टरी ७५ च्या वर झाडं तुटायची नाहीत आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे, एवढीच अट. ही गोष्ट जल दिनाच्या एकाही भाषणात कुणी सांगत नाही.

आता जंगलाचं. इंग्रजांनी साग नेला जहाजांना आणि रेल्वेच्या स्लीपरला. १९२७ चा वन कायदा त्यांचाच, अजून चालूच आहे. स्वराज्य आलं तरी कूप तोडणी थांबली नाही. कुऱ्हाड आमच्या हातात दिली, मजुरी तेवढी आमची, लाकूड गेलं डेपोत. १९५० साली कृषिमंत्री कन्हैयालाल मुन्शींनी वनमहोत्सव सुरू केला. १९७२ साली स्टॉकहोमला जगातले देश पर्यावरणासाठी जमले, त्यावरून ५ जून आला. दिवस वाढत गेले आणि सोबत आमच्यावरचे कायदेही वाढत गेले. १९७२ ला वन्यजीव कायदा, १९८० ला वन संरक्षण कायदा. जे जंगलात आधीपासून होते, ते कागदावर अतिक्रमणदार झाले. २००६ च्या कायद्यात सरकारने स्वतः लिहून दिलं की आदिवासींवर ऐतिहासिक अन्याय झाला. लिहून दिलं, पण दावे अजून कपाटात.

आमचेही दिवस आहेत. त्यांना बॅनर लागत नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी कोवळी भाजी देवाला दाखवल्याशिवाय आपली माणसं तोंडात घालत नाहीत, तोवर रानात भाजीला वाढायला वेळ मिळतो. वाघबारसेला ज्या वाघाची भीती, त्यालाच नैवेद्य देतो. देवराईतली काटकीसुद्धा घरी आणत नाही. हे आम्हाला कुठल्या परिषदेने शिकवलं नाही.

आणि सगळ्यात मोठा धोका ऐका. वनमहोत्सवाचे खड्डे कुठे पडतात? कितीतरी ठिकाणी ते आपल्या कसत्या प्लॉटमध्ये पडलेत. आज्याने बांध घातला, नागली-वरई पिकवली, दंडाच्या पावत्या भरल्या, त्याच पावत्या दाव्याला पुरावा म्हणून जोडल्या. दाव्याचा निकाल नाही आणि मधेच तिथे साग-निलगिरीची रोपं. मजुरीही आपल्याच माणसाला. उद्या तेच म्हणणार, इथे तर रोपवन आहे, तुमची शेती कुठाय? म्हणजे पर्यावरणाच्या नावाने जमीन काढायची. आणि पुढच्या वर्षी रोपं मेली की खड्डा तोच, रोप नवीन, फोटो नवीन.

कलम ४(५) स्पष्ट सांगतं: दाव्याची पडताळणी पुरी होईपर्यंत कसणाऱ्याला जमिनीवरून हलवायचं नाही. कलम ५ सांगतं: जंगल, पाण्याचे झरे, वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेचा. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. २०११ पासून आपला बांबू आपण विकला आणि जंगलही राखलं. हक्क मिळाला म्हणून जंगल संपलं नाही.

म्हणून ५ जूनच्या आधी प्रत्येक गावाने एवढं करावं:

१) ग्रामसभा बोलवा. बाया आल्याशिवाय सुरू करू नका. वैयक्तिक आणि सामूहिक किती दावे कुठे अडकलेत, त्याची यादी करा.

२) पाण्याची मागणी असेल तर कलम ३(२) चा उल्लेख करून शिफारशीचा ठराव करा. नुसता अर्ज नको.

३) दाव्याच्या जमिनीत खड्डे मारायला कुणी आलं तर लेखी आदेश मागा, ४(५) दाखवा, पंचनामा करा. हाणामारी करू नका, त्यांना केस करायला तेवढंच पाहिजे असतं.

४) रोपं लावायचीच तर कुठली आणि कुठे, ते ग्रामसभा ठरवेल. मोह, हिरडा, आंबा, बांबू लावू. कसत्या शेतात नाही.

५) ५ जूनला साहेब आले की हार नको, ठराव हातात द्या. पोच घेतल्याशिवाय गाडी सोडू नका.

दिवस साजरा करायचा असेल तर त्या दिवशी दाव्यांचा निकाल द्या, पाड्यावर पाणी आणा. नाहीतर तो दिवस आम्ही हिशोब मागायचा दिवस म्हणून पाळू, दर वर्षी.

जल, जंगल, जमीन, राखतो आम्ही, हक्कही आमचा!
जिंदाबाद!